धोंड्याचं पाकीट

— नाही, आत नको. इथंच बस. अगं अंबिका, बस म्हणते ना, आत काही पळून चाललेलं नाही. सुदर्शनभाऊजी येईपर्यंत तसंही तुला आत घेणार नाहीत — जोडीनंच बसावं लागतं तिथं, सत्यनारायणाला बसतात तसं. बाई एकटी आली तर म्हणतात, थांबा, मालक येऊ द्या. मालक एकटे आले तर म्हणतात, वहिनींना घेऊन या. का म्हणशील तर — एकटा माणूस म्हणतो, घरी विचारून सांगतो. जोडी आली की विचारायला घरी कुणी उरतच नाही! बघ, काय डोकं आहे. आणि भाऊजी काही दहा-पंधरा मिनिटं येत नाहीत. नवी गाडी, नांदेडचा मे महिना, त्यांना सावली पाहिजे — स्टेशनच्या रस्त्याला सावली! सापडली तर मलाही सांगा म्हणावं. हाव, मीच फोन केला तुला. चार वेळा केला. जेवण फुकट आहे, डब्यांचा सेट देतात, तासाभराचा प्रश्न, माझ्यासाठी ये — सगळं मीच म्हणलं. आणि आता मीच म्हणते, बस. ह्या स्टिकरकडं काय बघतीस? आत जाताना चिकटवतात. ‘उज्वला मॅडम — समाधानी सदस्य.’ शिल्पाच्या पप्पांना पण लावलंय, ‘उद्धवजी — समाधानी सदस्य’, ते आत बसलेत थंड हवेत, थोड्या वेळानं त्यांना माईक देणार आहेत. तीन दिवस पाठ करून राहिलाय माणूस. आरशासमोर. ‘आमचा अनुभव अत्यंत आनंददायी आहे’ — अत्यंत आनंददायी म्हणताना जीभ अडकते त्यांची, बरं झालं, निदान जिभेला तरी लाज आहे.

तो दारातला बघ. निळा कोट, गळ्यात ओळखपत्र, त्या पुठ्ठ्याच्या हत्तीशेजारी उभा आहे तो. एकदम बघू नको गं, सावकाश बघ. प्रीतम. तू तेव्हा आपल्या शाळेत आली नव्हतीस, तुला माहीत असायचं कारण नाही — माझा तिसरीचा पोरगा आहे तो. शेंबूड पुसलाय मी ह्याचा. बाकीच्या पोरांना तीसपर्यंत पाढे, ह्याला तेहतीसपर्यंत, कारण हुशार होता, तीस झाले की म्हणायचा, बाई, पुढचा सांगा. मागच्या धोंड्याच्या महिन्यात — तो अधिक श्रावण होता, तीन वर्षं झाली — हा शाळेत आला आणि भर वर्गात माझ्या पाया पडला. पोरांकडं वळून म्हणला, ह्या बाईंमुळं मी घडलो. अंबिका, अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली माझी. बदल्या झाल्या, जनगणना केली, निवडणुकीच्या पेट्या उचलल्या, खिचडीचे तांदूळ मोजले — असं भर वर्गात कुणी म्हणलं नव्हतं. डोळे भरले माझे. तिथंच मी विकली गेले, पॉइंट त्यानं नंतर विकले.

पॉइंट म्हणजे काय ते सांगते ना. शिल्पाचं लग्न त्याच वर्षी झालेलं, पहिला धोंडा. जावयाला काय द्यावं ह्याचा घरात आठवडाभर घोळ. चांदीचं ताट लग्नात दिलेलं, कपड्यांच्या तर घड्या मोडल्या नव्हत्या अजून. आणि हा म्हणला, बाई, जावयाला वस्तू काय देता, आनंद द्या. पंचवीस वर्षांचा आनंद. गंमतगड म्हणून आहे, पुण्याच्या पलीकडं — आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, बर्फाची खोली, तिथंच राहायला हॉटेल — त्या कंपनीचे पॉइंट घ्यायचे. एकदाच घ्यायचे. मग दरवर्षी पॉइंट मोडून जावई आणि लेक सुट्टीला. आणि किती पॉइंट माहितीय? तेहतीस हजार तीनशे तेहतीस! तेहतीस अनारसे, तेहतीस बत्तासे, तेहतीस धोंडे — आणि तेहतीस हजार तीनशे तेहतीस पॉइंट. शिल्पाचे पप्पा खुर्चीत सरळ बसले. म्हणले, हे शास्त्राला धरून दिसतंय. मी काय म्हणणार? तेहतीसचा पाढा मीच पाठ करून घेतलेला, पोरानं माझ्याच पुढं म्हणून दाखवला.

सही झाली. इथंच, ह्याच हॉटेलात. मग त्यानं पाकीट दिलं. लाल मखमलीचं, वर सोनेरी स्वस्तिक, लाखेचा शिक्का, आणि खाली छापलेलं — ‘धोंड्याच्या दिवशी जावईबापूंच्याच हस्ते उघडावे.’ बाई, वाण आहे हां, आधी उघडू नका, म्हणला. मी म्हणलं, तू मला शिकवतोस का रे? वाण झाकूनच देतात. घरी आणलं आणि देवघरात ठेवलं, समईजवळ. रोज हळदीकुंकू वाहिलं. हसू नको. कागदाच्या गठ्ठ्याला मी चौदा दिवस हळदीकुंकू वाहिलंय, आता मलाच हसू येत नाही. चौदाव्या दिवशी शिल्पा आणि यज्ञेशराव लातूरहून आले, पाय धुतले, ओवाळलं, ताटात अनारसे आणि त्यावर ते पाकीट. फोटो आहे माझ्याकडं — माझं तोंड बघ त्यात, जसं काही गावच इनाम दिलं जावयाला. जेवणं झाली. यज्ञेशरावांनी शिक्का फोडला. ते तिकडं क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात, आलेला प्रत्येक कागद पहिल्या ओळीपासून वाचायची खोड. वाचत गेले, वाचत गेले. माझ्या हातात पुरणाचं पातेलं, मी वाट बघतेय, आता म्हणतील — वा आई! ते पान नऊवर थांबले आणि म्हणले, ‘आई, सही कोणत्या तारखेची आहे?’

पान नऊ. मराठीतच लिहिलंय, उगीच इंग्रजीला नावं ठेवायला जागा नाही. सही केल्यापासून दहा दिवसांच्या आत लेखी कळवलं तर सगळं रद्द होतं, दिलेलं सगळं परत मिळतं. दहा दिवस. तो चौदावा होता. आणि त्याच्या आधीच्या पानावर काय? ते तेहतीस हजार पॉइंट पंचवीस वर्षांचे मिळून! वर्षाच्या वाट्याला एक हजार तीनशे तेहतीस. मी पोरांना परीक्षेच्या दिवशी पहिलं वाक्य काय सांगते? तूच ऐकलंयस कितीदा, भिंतीपलीकडून — आधी सूचना वाचा, मग पेपर सोडवा. माझा आवाज मुख्याध्यापकांच्या खोलीत जातो, एवढ्यानं ओरडते. आणि मीच. पण बघ, तेव्हा मला वाटलं, नशीब. चुकून झालं. दिवस मोजायला विसरलो आपण. आणि यज्ञेशराव? पाकीट मिटलं, कपाळाला लावलं, म्हणले, वाण आहे, परत कसं देणार. लाखाचा माणूस आहे गं तो, त्याचंच तर वाईट वाटतं.

थांब ना, सांगू दे. तुला वाटत असंल वर्षाला हजार पॉइंट म्हणजे पुष्कळ. तिथं रात्रीला रंग असतात. लाल, पिवळा, हिरवा — चौकातल्या सिग्नलसारखं. दिवाळी लाल, मे महिना लाल, नाताळ लाल. पोरांना सुट्टी कधी असते? लाल. लाल रात्रीला बाराशे पॉइंट, हिरव्या रात्रीला चारशे. हिरव्या रात्री म्हणजे ऐन जुलै-ऑगस्टच्या, जेव्हा क्लासवाल्या माणसाला शिंकायला वेळ नसतो. मग काय? वर्षाला एक रात्र. एक! उरलेले एकशे तेहतीस पॉइंट मार्चअखेरीला बुडतात. आणि गेलं नाही गेलं, दरवर्षी देखभालीचे म्हणून यज्ञेशरावांच्या खात्यातून — वाण नावावर करताना जोडून दिलेल्या — पैसे कापून घेतात. देखभाल कशाची? न झोपलेल्या गादीची.

एकदा गेले गं, गेले. गेल्या दिवाळीत. विहीणबाईंना पण घेतलं — चंद्रप्रभाबाई, शिल्पाच्या सासूबाई, तू लग्नात बघितलंस, ठेंगण्या, मोठं कुंकू. त्या कधी कुठं गेल्या नाहीत, गुडघ्यांनी बेजार. कागदावर लिहिलेलंच होतं, ‘परिवारासह आनंद’. आता आपल्याकडं परिवार म्हणलं की काय येतं? सासू आलीच ना? सासूशिवाय परिवार असतो का? त्यांच्या भाषेत परिवार म्हणजे नवरा, बायको आणि बारा वर्षांखालची दोन लेकरं. सासू त्यांच्या परिवारात बसत नाही. दारावर मनगटाला निळा पट्टा बांधतात, तो ह्यांना बांधला नाही. तिकीट काढतो म्हणलं तर त्या दिवसाची तिकिटं संपली. घरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, आणि त्यांनी पहाटे उठून धपाटे केलते, शेंगाची चटणी केलती, दही बांधून घेतलतं. म्हणल्या, तुम्ही जा, मी बसते इथं. दाराशी भला मोठा सिमेंटचा हत्ती आहे, हा पुठ्ठ्याचा त्याचंच पिल्लू समज. त्या हत्तीच्या सोंडेखाली अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत बाई बसल्या, मांडीवर डबा घेऊन. कुणीतरी येऊन विचारलं, ‘मावशी, हत्तीसोबत फोटोचे किती?’

आणि शिल्पा आत गेली. ते विचारू नको. यज्ञेशराव म्हणत होते, परत फिरू. शिल्पा म्हणली, आज नाही गेलो तर पॉइंट बुडतील, मम्मीनं एवढं दिलंय. म्हणून गेली. सात तास पाळण्यात बसून रडली म्हणे. वरून हत्ती दिसायचा. पाळणा वर गेला की हत्ती दिसायचा, हत्तीखाली पांढरं डोकं दिसायचं, पाळणा खाली आला की नाही.

विहीणबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावरही नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं गं, भांडण मिटतं, गप्प राहणं मिटत नाही. ह्या वर्षी अधिक लागला तसा मी आमंत्रणाचा फोन केला. म्हणल्या, ‘विहीणबाई, राग नका मानू. पण आधी तुमचं वाण तुमी न्या. ते आमच्या घरातून निघू द्या, मग लेक-जावई धोंड्याला येतेत. त्याच्या आधी न्हाई.’ आता सांग. दिलेलं वाण परत घेतं का कुणी? आणि मी घ्यायला तयार झाले — सगळं सोवळं गुंडाळून ठेवलं, म्हणलं, घेते — तर कंपनी घेईना! कागदावर नाव यज्ञेशरावांचं, बंद करायचं तर पंचवीस वर्षांनी. लेकीच्या आईबापाला विचारशील तर, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. आज अधिकाचा पंधरावा दिवस. अर्धा महिना गेला. शिल्पा फोन करते, पण गॅलरीत जाऊन, हळू आवाजात. मी विचारते, कशी आहेस? ती विचारते, मम्मी, अनारसे केलेस का? मी म्हणते, केलेत, तेहतीस मोजून, डब्यात आहेत. मग ती म्हणते, कुकर लावलाय, ठेवते. रोज तोच कुकर. लग्न होऊन तीन वर्षं झाली, पहिल्यांदा असं झालं की मला माझ्या लेकीशी काय बोलावं कळेना.

प्रीतमकडंच गेले, दुसरीकडं कुठं जाणार? चहा पाजला त्यानं. पाया पडला परत. म्हणला, बाई, तुमच्यासाठी वर साहेबांशी भांडलो मी. एकच वाट काढलीय. दोन जोड्या आणा. ओळखीच्या, घरच्यासारख्या. दोन्ही जोड्यांच्या सह्या झाल्या की त्याच दिवशी पत्र तुमच्या हातात — फाइल बंद, जावयांचं नाव बाहेर, शिल्पाताई माहेरी. ‘शिल्पाताई माहेरी’ असंच म्हणला, जसं काही बसचं तिकीट फाडून देतोय.

अशी बघू नको माझ्याकडं.

हाव. दुसरी जोडी तूच. म्हणून चार फोन. तुझ्या देविकाचं लग्न फेब्रुवारीत झालं, पहिला धोंडा आहे, ऐपत आहे, माझ्यावर विश्वास आहे — यादीच केलती मी, शाळेच्या हजेरीपटाच्या मागच्या पानावर. तुझं नाव सगळ्यात वर लिहायला हात धजेना म्हणून दुसऱ्या नंबरवर लिहिलं. उठू नको ना. अगं, तुला आत न्यायचंच असतं तर इथं सोफ्यावर बसवून एवढं पुराण सांगितलं असतं का? आतापर्यंत गुलाबजाम तोंडात असता तुझ्या. — कोण पहिली? पहिल्या जोडीचं कशाला काढतीस, दुसरीचं बोलतोय ना आपण — ते सोड. सोड म्हणलं ना. — फोन वाजतोय तुझा, भाऊजी असतील. उचल. सांग, उज्वलाताईंशी बोलतेय, सावकाश या. — काय म्हणाले? लिंबाखाली जागा मिळाली, पण लिंबावर कावळे आहेत? देवा. नवऱ्याच्या जातीला गाडीची जेवढी काळजी — बरं, बरं झालं. कावळ्यांनो, बसा अजून पाच मिनिटं.

ईश्वरप्पा. पहिली जोडी ईश्वरप्पा आणि त्याची बायको.

हाव, आपलाच. शाळेचा शिपाई, घंटेचा. तोंडावर हात ठेवू नको, लोक बघून राहिलेत. त्याच्या लेकीचाही पहिला धोंडा, पुढच्या रविवारी. सुट्टीत दाखल्यांच्या कामाला मी शाळेत गेलते, तो व्हरांड्यात बाकं रंगवत होता. विषय मीच काढला. त्यानं विचारलं नव्हतं. म्हणला, ‘बाई, तुमी सांगलालाव म्हंजे बघायचं काय त्यात.’ गेल्या रविवारी आले दोघं. तिनं लेकीच्या लग्नातली हिरवी साडी नेसलेली, त्यानं टोपी धुऊन कडक केलेली. आइस्क्रीम दिलं तर दोनदा विचारलं त्यानं मला, बाई, ह्याचं वेगळं तर न्हाई ना घेत? वाचायला कागद दिले तर त्यानं ते माझ्याकडं सरकवले. मला म्हणला, तुमी बघा. आणि मी बघितल्यासारखं केलं. पानं उलटली. आठ, नऊ, दहा. नऊवर बोट थांबलं माझं, खोटं नाही सांगत, थांबलं — आणि मी दहावं उलटलं. त्यानं सही केली. सही मीच शिकवली त्याला, पाच वर्षांपूर्वी, पगाराच्या कागदासाठी — अंगठ्याची लाज वाटते म्हणला होता.

मग पाकीट आलं. तेच लाल, तोच स्वस्तिक, तोच शिक्का. प्रीतमनं हातात दिलं, आणि तो तोंड उघडायच्या आत — त्याच्या आत, अंबिका — मी बोलले. ‘ईश्वरप्पा, वाण आहे, आधी उघडायचं नाही. देवघरात ठेवा.’ माझ्या तोंडून निघालं ते. मी प्रीतमकडं बघितलं तर तो हसून राहिलता. कसं माहितीय? पोरानं फळ्यावर बरोबर उत्तर लिहिलं की मी हसते ना, तसं. शाबास म्हणल्यासारखं. तेव्हा मला कळलं. तीन वर्षांनी कळलं! शिक्का कशाला, स्वस्तिक कशाला, मखमल कशाला. चुकून काही झालंच नव्हतं. मी सूचना वाचल्या नाहीत, पण त्यानं वाचल्या होत्या, चांगल्या वाचल्या होत्या, म्हणून तर त्या लाखेनं बंद केल्या. तुझं नाव नोंदवायला प्रीतमनं फोन केला तेव्हा पहिलं काय विचारलं त्यानं? — धोंडा कधी आहे, हेच ना? मलाही वाटलं होतं, किती आपुलकीनं विचारतोय. तू काय सांगितलंस? चौदा जूनला? आज एकतीस. मोज. मोज बोटांवर. माझं आणि ईश्वरप्पाचं मी मोजलंय. मला चौदा, ईश्वरप्पाला चौदा, तुला चौदा. दहा दिवसांवर वरून चार, सुरक्षित. मी आपली समजत होते, पोरगा तेहतीसचा पाढा म्हणून राहिलाय. तो चौदाचा म्हणत होता.

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला म्हणतात, ते ठीक आहे गं. स्वतःचा पाय असतो. मी तर दुसऱ्याचा पाय धरून आणून धोंड्याखाली ठेवला, आणि वर सांगितलं, हलू नका, वाण आहे.

ईश्वरप्पाला फोन केला ना. दोनदा केला. बुधवारपर्यंत दिवस आहेत त्याचे, आज सातवा. पहिल्यांदा केला, त्यानं उचलला, ‘बोला बाई’ म्हणला, इतक्या प्रेमानं — आणि मी विचारलं, अनारशाला तूप मिळालं का चांगलं? दुसऱ्यांदा बायकोनं उचलला. म्हणली, बाई, रोज दिवा लावलालो पाकिटापुढं. मी म्हणलं, छान. छान म्हणलं मी! कारण त्यानं रद्द केलं तर माझी पहिली जोडी गेली, मग तू आलीस तरी एकच होते, मग पत्र नाही, मग शिल्पा नाही. तराजूत ठेवून बघितलं मी. एका पारड्यात शिल्पा. दुसऱ्या पारड्यात तो धुतलेली टोपी घालून. आणि आठवडाभर मी शिल्पाचं पारडं हातानं खाली दाबून बसले. आज सकाळी शिल्पाचा फोन आला, नेहमीचा कुकर लावला तिनं, आणि ठेवता ठेवता म्हणली, मम्मी, मला स्वप्नात अजून हत्ती दिसतो. बस. एवढंच. तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. ती पॉइंट बुडतील म्हणून सासूला हत्तीखाली बसवून आत गेली, आणि मी तिला मनात किती बोलले! आणि मी काय करून राहिले? माझा तर पाळणासुद्धा नाही.

ते बघ, आले. काचेच्या दारातून दिसले, रुमालानं मान पुसतायत, कावळ्यांनी केलं वाटतं काहीतरी खांद्यावर. ऊठ. आता ऊठ म्हणते. भाऊजींना सांग, पोटात कळ आली, चक्कर आली, काहीही सांग, आणि इथूनच मागं फिरव त्यांना. ह्या दारातून आत येऊ देऊ नको, एकदा थंड हवा लागली की ते बसतात, तुला माहितीय. शिल्पाचे पप्पा? त्यांना मी बघते. ते माईकवर अत्यंत आनंददायी म्हणेपर्यंत अडकतील तिथंच. शिल्पाला — शिल्पाला सांगेन मी. काय ते नाही माहीत. अनारसे नरम पडलेत तसेही.

तू एक कर. घरी जाताना तरोडा नाक्याला थांब, ईश्वरप्पाचं घर माहितीय ना, दाराशी शेवग्याचं झाड आहे. त्याच्या देवघरात जा. समईजवळ लाल पाकीट असंल, हळदीकुंकू लावलेलं. त्याची बायको हात लावू देणार नाही, म्हणेल वाण आहे, पाप लागंल. सांग तिला, काही पाप लागत नाही, लागलं तर माझ्या माथी. फोडायला लाव. त्याच्याच हातानं. पान नऊ काढ आणि मोठ्यानं वाचून दाखव, घंटेएवढ्या मोठ्यानं, आणि अर्ज तूच लिहून दे, उद्या सकाळी पोस्टात टाकायला लाव, पोचपावतीसकट. बुधवार सांग त्याला. बुधवार, बुधवार असं तीनदा सांग. आणि माझं नाव घेऊ नको. म्हण, तुला कुठून तरी कळलं —

नाही. थांब. घे. नाव घे माझं. सांग, बाईंना माहीत होतं.

प्रीतम निघाला इकडं. जा.